खालचं शेपूट

प्रिय पान्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडून फेकलं नाहीस, एवढ्यानेच मी तुझा ऋणी आहे. परवा फोन केला तर वहिनी म्हणाल्या, ते झोपलेत. बिचारीला खोटं बोलायची सवय नाही, आवाज लगेच चढला. आणि मागे कानस चालली होती. लोखंडावर इतकी दाबून कानस तू रागावल्याशिवाय घासत नाहीस. आपल्या लिफ्टवाल्यांत माझे कान तिखट म्हणून मला सगळे तिखट्या म्हणतात, आणि मी आयुष्यभर त्याचा तोरा मिरवला. परवा पहिल्यांदा वाटलं, बहिरा असतो तर बरं झालं असतं. बघ, घसरली जीभ. तुला हे लिहायचं नव्हतं. पण खोडत नाही; सध्या मी काही लपवायच्या लायकीचा उरलेलो नाही.

मंगळवारी तू मला एकट्याला मेल केलीस. लिहिलंस, उजवा कान गेलाय, डावाही त्याच्या मागोमाग निघालाय. बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडा कानाशी धरला तरी नुसती घरघर कळते, आतली कुरकुर कळत नाही. ज्या इस्पितळाच्या लिफ्ट सांभाळतो तिथे अजून बोललो नाही, डॉक्टरांना दाखवतो आणि माझं मीच सांगतो, तोवर तुझ्यापाशी ठेव. आणि जाता जाता विचारलंस, जुन्या लिफ्टच्या ब्रेकचे नवे लायनर तापतात का? कानाबद्दल काय लिहावं ते मला सुचेना, म्हणून ब्रेकवर लिहायला बसलो. ब्रेकवर मी फार सुरेख लिहिलं रे. इतकं, की वाटलं, हे तू एकट्यानेच का वाचावं? वर आपल्या लिफ्टवाल्यांच्या ईमेल गटाचा पत्ता टाकला आणि दिलं पाठवून. खाली तुझी अख्खी मेल तशीच लोंबत होती.

आणि हे केलं कुणी? तर गटाचे नियम ज्याने लिहिले, त्याने. ज्या ओळीला उत्तर देता तेवढीच ठेवा, खालचं शेपूट कापा. एकट्याचं एकट्यालाच पाठवा. बटण दाबण्याआधी वर कुणाकुणाचे पत्ते आहेत ते वाचा. एका नवख्या मेकॅनिकने नुसतं 'धन्यवाद' सगळ्यांना पाठवलं, तर त्याला मी चारचौघांत केवढं झापलं होतं! तू तेव्हा म्हणालास, लेका, लिफ्ट सोड आणि शाळा काढ. मला ते कौतुकच वाटलं. चौथीत शाळा सुटलेला, मशीनरूम झाडता झाडता काम शिकलेला माणूस मी. माझ्या सांगण्यावरून लोक लिहायचं कसं ते ठरवतात, ही नशा वेगळीच. स्क्रूड्रायव्हर कानाशी कसा धरायचा ते मला तूच दाखवलंस, हे मात्र मी गटावर कधी लिहिलं नाही.

बरं, एकदाच सांडलं असतं तर पुसून टाकता आलं असतं. पण आपली माणसं पडली प्रेमळ. पाना, काळजी करू नकोस, सगळ्यांना. माझ्या मेव्हण्याने कानाचं यंत्र घेतलंय, झकास चालतंय, तेही सगळ्यांना. एकाने नुसते जोडलेले हात पाठवले. आणि प्रत्येकाच्या खाली तुझी मेल, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. शेवटी मी काकुळतीला येऊन लिहिलं, बाबांनो, शेपूट कापा. पान्या, माझ्या त्या मेललाही शेपूट राहिलं होतं. बायको म्हणाली, आता त्या कॉम्प्युटरला बोट लावाल तर याद राखा. ब्रेकबद्दल मात्र एकानेही काही विचारलं नाही.

आता ज्यासाठी बसलो ते. इस्पितळाचे इंजिनियर साहेबही गटात आहेत, म्हणजे त्यांनीही वाचलं. काल त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, तुमच्या मित्राचं फार वाईट वाटतं, पण आमच्या लिफ्टमधून स्ट्रेचर जातात, तिन्ही लिफ्ट तुम्ही घ्या. त्यांचं काही चुकलं नाही. चुकलो मी, तिथल्या तिथे नाही म्हणालो नाही. विचार करून सांगतो म्हणालो, आणि जिना उतरताना तुझ्या मशीनरूममध्ये माझी हत्यारं कुठे टांगायची ते ठरवत होतो. खाली पोचलो तेव्हा माझी मलाच किळस आली. आज सकाळी परत जाऊन सांगितलं, लिफ्ट त्याच्याच राहू द्या; तपासणीला मी सोबत येईन, ऐकायचं मी, बाकी सगळं तो, हत्यारंही त्याचीच. साहेब म्हणाले, सोमवारी दोघं येऊन भेटा, नाहीतर बाहेरची कंपनी बघतो. तुला न विचारता मी पुन्हा तुझ्याबद्दल बोललो, हेही माझ्या गुन्ह्यांत आलंच. सोमवारी सकाळी मी इस्पितळाच्या फाटकाशी उभा असेन. ये किंवा येऊ नकोस. उत्तर मला एकट्याला दे, हे म्हणायला मला आता तोंड नाही. गटावर द्यायचं असेल तर खुशाल दे, आणि खाली या पत्राचा फोटो जोड. एक ओळही कापू नकोस.

तुझाच,
तिखट्या