वळणावरच्या साक्सौलांसाठी

मी, ग्लाफिरा ओसिपोव्हना रेम्नेवा, वय सव्वीस, अविवाहित, आक्कुम स्थानकावर तारेच्या कामावर नेमलेली, हे मृत्युपत्र ताप उतरलेल्या दिवशी, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी लिहायला सांगितलेले नाही. डॉक्टरांच्या मते माझे हृदय मर्वकडच्या हिवतापाचा आणखी एक झटका सोसणार नाही, आणि उन्हाळा जवळ आला आहे.

१. खोली रेल्वेची आहे. ती देता येत नाही. खिडकीतून दिसते तेही माझे नाही, तरी नोंद करते. दुपारी वाळू तापली की चारझूकडून येणारी गाडी आधी आकाशात दिसते: उलटी, पाण्यावरून सरकल्यासारखी, बिनआवाजाची. खरी गाडी नंतर येते. वेळापत्रकात जागा नसल्यामुळे ती पहिली गाडी मी पुढच्या स्थानकाला कधी कळवली नाही. माझ्या जागी येणाऱ्याने घाबरू नये.

२. रॉकेलची चूल स्टेशनमास्तर पोर्फिरी लुकिच यांना. ते समोवारसाठी रुळांच्या वळणावरची साक्सौलाची झुडपे तोडतात. हटकले तेव्हा म्हणाले, "अहो, निखारा तर बघा त्याचा! सकाळी पेटवला की संध्याकाळपर्यंत चहा गरम. वाळवंटातलं लाकूड काय पूजेला ठेवायचं?" इथे रूळ आले तेव्हापासून प्रत्येकजण हेच म्हणत आला. म्हणून झुडपांच्या मुळांनी एके काळी जागेवर धरून ठेवलेली वाळूची टेकडी आता चालते. गेल्या वर्षी तिने वळणावरचे रूळ गिळले आणि मालगाडी कलंडली. चूल घेताना पोर्फिरी लुकिच यांनी आपली कुऱ्हाड माझी तुर्कमेन शेजारीण ओगुलबीबी हिच्या हवाली करावी. ही विनंती नाही, अट आहे.

३. लोकरी कोट, पांघरुणे, किटली आणि भिंतीवरचे घड्याळ ओगुलबीबीला. तिचा जाड लोकरी नमद्याचा तंबू त्याच टेकडीच्या पायथ्याशी आहे. वळणावरची नवी रोपे आम्ही दोघींनी लावली. साक्सौलाचे मूळ खालच्या ओलीपर्यंत पोचले की त्याला कोणाची गरज उरत नाही. पोचायला अजून एक उन्हाळा हवा. मला पगारासोबत रोज दोन बादल्या पाणी मिळते; एक रोपांना जाते. माझ्यामागे ती बादली थांबेल. मग रोपे, मग तंबू, मग रूळ, या क्रमाने सगळे वाळूखाली जाईल. इंजिनांसोबत येणारे रेल्वेचे पाणी बाहेर देणे चोरी ठरते, म्हणून ते मी मागितले नाही. ओगुलबीबी म्हणाली, "लेकी, तारेवरून समरकंदाशी बोलतेस, आणि इंजिनवाल्याकडे बादलीभर पाणी मागायला तुझी जीभ टाळूला चिकटते?"

४. या मार्गावर पुरलेल्या रेल्वेच्या माणसाजवळून जाताना इंजिनवाले गाडी हळू करतात आणि कबरीवर एक बादली पाणी ओततात. त्याचा जाब कोणी विचारत नाही. माझे वडील रूळ टाकताना वारले. त्यांच्या कबरीवरचे झुडूप आज माणसाहून उंच आहे आणि वाऱ्यात तारांसारखे गुणगुणते. तेव्हा मला मर्वच्या चर्चच्या आवारात नेऊ नये. वळणावर, रोपांच्या मधोमध पुरावे. वर दगड नको, पाणी अडते. हे आत्म्याच्या शांतीसाठी नाही, मुळांसाठी मागते आहे.

५. पुरवणी. साक्षीसाठी वरील मजकूर वाचून दाखवला. इंजिनचालक आर्सेनी कुझमिच बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिले.

"एका बादलीसाठी मरायची काय गरज, ग्लाफिरा ओसिपोव्हना?" ते म्हणाले. "जागा आत्ताच आखा. उद्यापासून ओततो. कोणी विचारलं तर सांगेन, कबर आहे, माणूस यायचा आहे. आणि तुमच्या दोन्ही बादल्या आता तुम्ही वापरा."

"माणूस येऊ दे की सावकाश," ओगुलबीबी दारातून म्हणाली.

जागा आखली आहे. खुंट्या मी स्वतः ठोकल्या. आत नऊ रोपे आली.

आमच्यासमोर सही झाली:
आर्सेनी कुझमिच दोल्गिख, इंजिनचालक
तिखोन बालुयेव, सांधेवाला
(ओगुलबीबीला वाटा असल्यामुळे तिची साक्ष घेतलेली नाही.)

ग्लाफिरा रेम्नेवा
आक्कुम स्थानक, ९ एप्रिल १८९६