उमाकाकूंनी वाचलेले वीर

उमरगा,
६ नोव्हेंबर २०२५

॥ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

चि. नंदीश यास काकूचे अनेक आशीर्वाद.

तुझी कॉमिक्सची पेटी माळ्यावरून काढून घेतली. शिवप्रिया नऊ वर्षांची झाली, तिला बापाची पुस्तकं वाचायची आहेत, तर काकूनं वाचून चांगली तेवढी निवडून पुण्याला पाठवावीत, असं तू लिहिलंस. बापानं आपली पुस्तकं आपणच निवडावीत, असं मी म्हणणार होते. पण मामंजींच्या पलंगाशी बसून दिवसभर करायचं तरी काय? टीव्हीचा आवाज त्यांना सोसत नाही. म्हणून मी वाचते आणि त्यांना कानडीत सांगते. ते डोळे मिटून ऐकतात. याच माणसानं ही पुस्तकं एकदा दुकानात डाळीच्या पोत्यांमागं फेकली होती, हे तू विसरला नसशील.

फोनवर मी काही सांगत नाही म्हणून तू रागावतोस. अरे, लकव्यानं मामंजींचं डावं अंग गेलं, जीभ जड झाली, पण कान शाबूत आहेत. मी अंगणात जाऊन बोलले तरी त्यांना ऐकू जातं. आपल्यामुळं कुणाला त्रास होतो हे कानावर पडलं की दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतात. म्हणून फोनवर आमच्याकडं सगळं छान असतं. खरं काय ते पत्रात.

आता अभिप्राय. तुझ्या त्या ‘अग्निगरुड’चा जाडजूड संग्रह वाचला. पहिली तक्रार वजनाची. मांडीवर धरला तर मांडीला मुंग्या, हातात धरला तर मनगट दुखतं. दोन पानांवर पसरलेलं चित्र नेमकं शिवणीत जातं आणि वीराचं नाक दिसत नाही. दुसरी तक्रार खुद्द वीराची. हा पेटते पंख घेऊन शहरात शिरतो, राक्षसाला चार इमारतींवर आपटतो आणि उडून जातो. पुढच्या पानावर इमारती जशाच्या तशा उभ्या! मागचा पसारा कुणी आवरला? मामंजींना मी हे विचारलं तर ते चक्क हसले.

एक राहिलंच. माझ्या पिशवीत गाठ आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सोलापूरला जाऊन ऑपरेशन करून घ्या, लांबवू नका, आणि नंतर दीड-दोन महिने वजन उचलू नका. मला हसूच आलं. मामंजींना उठवून कोण बसवणार? लिंगपूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा घोट घेत नाहीत हे तुला ठाऊक आहे. डावा तळहात आता मिटतो. खालून कुणी धरला तरच त्यावर इष्टलिंग राहतं. तुझे काका ट्रकबरोबर सदा हैदराबादच्या रस्त्यावर. तुझे बाबा पहाटेपासून दुकानात, तुझ्या आईचे गुडघे गेलेले. मध्यंतरी एक बाई लावून पाहिली, तर मामंजींनी तोंडच उघडलं नाही. तेव्हा ऑपरेशनचं बघू पुढं कधीतरी.

सगळ्यांना आशीर्वाद. माया आहे तेवढी राहू दे, वाढली नाही तरी भांडणार नाही.

तुझी,
उमाकाकू


पुणे,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. काकूंस, नंदीशचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. दोन पानं अग्निगरुडाच्या नाकावर आणि गाठीला शेवटचा कोपरा! शिवप्रियानं निबंध असा लिहिला तर बाई तिला तो परत लिहायला लावतील. ‘पुढं कधीतरी’ हे मला मान्य नाही. डॉक्टरीणबाईंचा नंबर काकांकडून घेऊन त्यांच्याशी बोललो. रक्त किती जातंय हे तुम्ही लिहिलंच नाही. त्यांनी सांगितलं.

मला घरून काम करता येतं. लॅपटॉप घेऊन उमरग्याला येऊन राहीन. अडचण कामाची नाही, ती तुम्हालाही माहीत आहे. मी कॉलेजात असताना गळ्यातलं लिंग काढलं, तेव्हा अज्जा म्हणाले होते की आता माझ्या पूजेच्या ताटाला हात लावायचा नाही. मला जे पटलं ते मी केलं, आजही तेच पटतं. आणि अज्जा आपल्या शब्दावरून हटणारे नाहीत. मी आलो आणि ते उपाशी राहिले तर काय करायचं, एवढंच कळत नाही.

संग्रहांबद्दल तुमचं चुकतंय, हे नम्रपणे सांगतो. सुटे अंक फाटतात, हरवतात, कोणीतरी वाचायला नेतं आणि परत देत नाही. संग्रहात गोष्ट सलग मिळते. नाकाचा मुद्दा मात्र मान्य. ‘तिमिरगड’ वाचून बघा, त्यात इमारती नाहीत.

उत्तर लगेच द्या. लोभ आहेच, पण सध्या तुमचा तुमच्या तब्येतीवर जास्त असावा ही विनंती.

आपला,
नंदीश


उमरगा,
२८ नोव्हेंबर २०२५

चि. नंदीश यास काकूचे अनेक आशीर्वाद.

तू येऊ नकोस. हट्टी माणूस या घरात आधीच एक आहे, दोन झाले तर दोघंही उपाशी राहतील आणि मला सोलापूरच्या खाटेवर ताट दिसत राहील. रागावू नकोस. मला वाद घालायलाही आता जोर नाही.

‘तिमिरगड’ वाचलं. इमारती नाहीत, पण माणसं फार. प्रत्येक राजाला तीन नावं, प्रत्येक तलवारीला एक. वाचता वाचता मी मागं जाऊन पाहते की हा कुणाचा मेहुणा. मामंजींना मात्र ते भलतंच आवडलं. भाऊबंदकी, शिवेची भांडणं, एकानं दुसऱ्याची वाट अडवणं, हे सगळं त्यांच्या ओळखीचं. तिसरा भाग पेटीत नाही. गडाला वेढा पडलाय आणि पुस्तक संपलं. संग्रह करणाऱ्यानं निदान अर्धवट तरी ठेवू नये. मामंजी रोज हातानं खूण करून पुढं काय झालं विचारतात. काल मीच काहीतरी रचून सांगितलं आणि वेढा उठवला.

मग ‘मेघरेखा’ हातात घेतली, म्हटलं बाईमाणूस आहे, शिवप्रियाला बरी. ती ढग वळवते, वीज झेलते, पूर थोपवते. घरी आली की पोरांचे डबे भरते. आणि पोरं विचारतात, आई, तू कुठं होतीस? काढणाऱ्यानं ते गमतीनं काढलंय. मला त्याचा इतका राग आला की पुस्तक मिटून ठेवलं. त्या बाईला शक्ती दिली, मदतीला माणूस दिला नाही. एवढ्या सगळ्या पुस्तकांत एकही वीर पाय चेपत बसलेला दिसला नाही मला. कुणी म्हणत नाही की आज मला होत नाही.

परवा मामंजींना उठवताना मला चक्कर आली. त्यांना धरलं होतं म्हणून मीच पलंगाच्या कडेला टेकले. त्यांनी उजव्या हातानं माझा पदर घट्ट धरून ठेवला. मला झोप हवी आहे रे. मध्ये कुणी हाक न मारता मिळालेली झोप. हे तुझ्या काकांनाही मी कधी म्हटलं नव्हतं.

असो. थंडीत शिवप्रियाला जप. प्रेम आहेच, लिहिण्याचा कंटाळा आलाय म्हणून थोडक्यात.

तुझी,
उमाकाकू


पुणे,
५ डिसेंबर २०२५

ती. सौ. काकूंस शि. सा. नमस्कार.

आता तुम्हाला विचारत नाही, कळवतो. काकांशी आणि बाबांशी बोललो. सोलापूरला तारीख ठरली आहे. काका त्या आठवड्यात गाडी दुसऱ्याकडं देणार आहेत आणि दवाखान्यात तुमच्याजवळ राहणार आहेत. तिथून थेट कळंबला, शिवानीमावशीकडं. तिला मी फोन केला तेव्हा ती आधी रडली, मग ओरडली, की सख्ख्या बहिणीला गाठीचं पुतण्याकडून कळावं का. ते तुमचं तुम्ही निस्तरा.

आदल्या दिवशी मी उमरग्याला येतो. अज्जांचं काय, यावर आईनं तोड काढली आहे. तिच्याकडं लिंगाची एक चांदीची डबी आहे, रिकामी. ती शिवदोऱ्यात ओवून मी गळ्यात घालायची. अज्जा ती उघडून थोडीच बघणार आहेत, म्हाताऱ्या माणसाचं समाधान होत असेल तर त्यात काय बिघडलं, असं आईचं म्हणणं. मला ते मनापासून पटत नाही. पण तुम्हाला चक्कर आली हे वाचल्यापासून मला काहीही चालेल.

‘मेघरेखा’ शिवप्रियाला देणार नाही. तुमची पानं वाचून दाखवली, तर बायको म्हणाली की ते पुस्तक आधी मलाच वाचायला पाहिजे.

निघायची तयारी करा. रागावून लोभ कमी झाला तरी हरकत नाही.

आपला,
नंदीश


उमरगा,
३० डिसेंबर २०२५

ती. सौ. काकूंस शि. सा. नमस्कार.

तुमच्या टाक्यांना त्रास होईल असं काही कळवायचं नाही, असं काकांनी बजावलं होतं. काल त्यांनी परवानगी दिली, म्हणून सगळं लिहितो.

तुम्ही गेल्यावर पहिल्याच सकाळी घोळ झाला. अज्जांना उठवून बसवलं. मी वाकलो तशी गळ्यातली डबी त्यांच्यासमोर आली. त्यांनी ती उजव्या हातात घेतली आणि नुसती तोलली. उभा जन्म तराजूपाशी बसून डाळ विकलेला माणूस! रिकामी डबी त्यांच्या हाताला कळणार नाही, असं मला आणि आईला कसं वाटलं कोण जाणे. डबी सोडून ते भिंतीकडं वळले. पूजा नाही, पाणी नाही. बारा वाजून गेले. तुम्हाला फोन करावा असं हजारदा वाटलं. करणार कसा, तुम्ही टेबलावर होता.

शेवटी ‘तिमिरगड’ काढलं आणि माझ्या मोडक्या कानडीत वाचायला लागलो. वेढ्याजवळ आल्यावर मला पुढं वाचवेना. पुस्तक खाली ठेवून सरळ सांगितलं की अज्जा, गळ्यात काही नाही, आणि तुम्ही जेवावं म्हणून उद्यापासून घालीन असंही खोटं सांगणार नाही. पण काकू दवाखान्यात आहे. आज तुमचा हात धरायला दुसरं कुणी नाही.

ते भिंतीकडून माझ्याकडं वळले. मग त्या जड जिभेनं एकेक शब्द सुटा करत म्हणाले की ती रिकामी डबी आधी काढ, खोटं गळ्यात घालून पूजेला बसायचं न्हाय. मी काढली. मग म्हणाले, हात दे. त्यांच्या डाव्या तळहाताखाली मी माझा तळहात धरला आणि त्यांनी उजव्या हातानं लिंग वर ठेवलं. ताट मात्र मला सरकवू दिलं नाही. स्वतःच ओढून घेतलं, अर्धं पाणी सांडलं. आपला शब्द मोडला नाही याचं समाधान चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मग दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली, माझ्या हातून.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. माझी पाठ भरून आली आहे आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये मला डुलकी लागते. तुम्ही हे चार वर्षं कसं केलंत, हे विचारायचीही लाज वाटते.

काळजी करू नका. पूर्वीइतकाच लोभ ठेवा, चिडलात तरी पत्रातून चिडा.

आपला,
नंदीश


कळंब,
८ जानेवारी २०२६

चि. नंदीश यास काकूचे अनेक आशीर्वाद.

गाठ साधी निघाली. तपासणीचा कागद आला, आता त्या बाजूनं घोर नाही. टाके सुकतायत. शिवानी मला कपसुद्धा उचलू देत नाही. तिच्या माडीवरून अडत बाजार दिसतो, पोती चढतात, पोती उतरतात, आणि मी नुसती बघते.

तुझं पत्र वाचून आधी देवाला हात जोडले. मामंजी जेवले, याहून मोठं काय पाहिजे? मग दुपारी परत वाचलं आणि मला राग आला. तुझ्यावर नाही. त्यांच्यावरही नाही, की आहे, मलाच कळत नाही. माझ्याशिवाय ते जेवणार नाहीत, या एका गोष्टीवर मी चार वर्षं काढली. शिवानीच्या पोरीच्या लग्नाला गेले नाही, आपल्याच पोटातली गाठ सांभाळत बसले. आणि तू एका दुपारी खरं बोललास, तर त्यांनी हात पुढं केला. घरातल्या दुसऱ्या कुणी येऊन बसायचाच काय तो अवकाश होता. माझ्यावाचून चालतं हे कळल्यावर हलकं वाटलं आणि खूप रडूही आलं. शिवानी घाबरून डॉक्टरांना फोन करायला निघाली होती.

शिवप्रियासाठी पहिला ‘अग्निगरुड’ दे. ‘तिमिरगड’ तिसरा भाग मिळाल्याशिवाय देऊ नकोस, पोरीला अर्ध्या वेढ्यात ठेवू नये. ‘मेघरेखा’ तिच्या आईनं वाचून झाल्यावर तुझ्या काकांना दे. त्यांना वाचायला वेळ नसतो, म्हणून वाचून दाखव.

तुझ्या बाबांना आणि काकांना सांग, यापुढं मामंजींची पूजा पाळीनं होईल. बाबा दुकानातून येतील, काका गाडी कमी करतील, तू अधूनमधून येशील. कसं ते तुम्ही पुरुषमाणसं बसून ठरवा, मला विचारू नका. मामंजींना माझा नमस्कार सांग, आणि औषध दुधाबरोबर दे, पाण्याबरोबर ते थुंकतात.

तुम्ही सगळे आता विचाराल की काकू कधी येणार. डॉक्टरांनी फेब्रुवारीत चालेल म्हटलंय. मी बरी होईपर्यंत इथंच राहणार आहे. डॉक्टरांच्या मतानं नाही, माझ्या मतानं बरी होईपर्यंत. काल दुपारी जेवून आडवी झाले ती दिवेलागणीला उठले. कुणी हाक मारली नव्हती.

माया आहे, तिकडून आली तर घेईन.

तुझी,
उमाकाकू