पंख्यातलं झेंडूचं फूल

बाबा,

तुमचा फोटो मी हलवला आहे. समोरच्या भिंतीवर होता तो आता मोरीच्या दाराशेजारी आहे. आईला सांगितलं की तिथे ऊन लागत नाही, रंग टिकेल. खरं कारण वेगळं आहे. त्या भिंतीला मला टेबल लावायचं होतं आणि टेबलावर माझा नवा कॉम्प्युटर ठेवायचा होता. मी स्वतः जोडलेला. तुम्ही मोरीच्या दारातून मान वाकडी करून तो बघावा अशी माझी इच्छा होती. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली तरी मी अशी आहे. डूख धरणं मी तुमच्याकडूनच शिकले.

नोकरी तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. अंधेरीच्या एका ऑफिससाठी मी लोकांच्या नव्या घरांची आतली चित्रं कॉम्प्युटरवर तयार करते. भिंतीचा रंग, ओटा, खिडकीतून येणारा उजेड, सगळं आधी चित्रात दाखवायचं. एकेका चित्राला मशीन तासन्‌तास तापतं. जुन्याला ते झेपेना, म्हणून यंदा नवा, सोळा कोअरचा प्रोसेसर घेतला आणि बाकीचे भाग वेगवेगळे आणून घरीच जोडायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आम्ही जोडून देतो ना, कशाला डोक्याला ताप?" मी म्हटलं, "नको, मला कोणाला तरी दाखवायचंय." आता तो काय समजला कुणास ठाऊक.

जोडायला मुद्दाम तुमचाच स्क्रू ड्रायव्हर घेतला. पिवळ्या मुठीचा. तुम्ही एसी दुरुस्तीला निघालात की तो पिशवीत सगळ्यांत वर असायचा आणि त्याला हात लावला तर माझ्या बोटांवर फटका बसायचा. दादाला मात्र तुम्ही तो स्वतःहून हातात द्यायचात. आता त्याच ड्रायव्हरने भांडुपच्या त्याच दोन खोल्यांत मी बोर्ड कॅबिनेटमध्ये घट्ट केला. एकेक स्क्रू पिळताना मी तुमचं नाव घेत होते, आणि ते भक्तीने नव्हे.

तो दसरा तुम्ही विसरला नसणार. मी दहावीत होते. दहावीनंतर मला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला घालीन, असा शब्द तुम्ही दिला होता, तोही जेवताना, सगळ्यांसमोर. घरात कॉम्प्युटर येऊन चार महिने झाले होते. दसऱ्याला तुमच्या हत्यारांची पूजा व्हायची. पाने, गेज, गॅसची टाकी, सगळं घासूनपुसून पाटावर. तुम्हीच म्हणालात की कॉम्प्युटरही पुसून ठेवा. म्हणून मी दोन दिवस आधी त्याचा बाजूचा पत्रा उघडला, ब्रशने धूळ झाडली आणि चारही स्क्रू होते तिथे परत लावले. त्यानंतर तो सुरू करून बघितला होता. चालत होता. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, कुणी ऐकून घेतलं नाही.

पूजेच्या दिवशी तुम्ही कॉम्प्युटर पाटावर आडवा घातलात. वरून कुंकू लावून भागलं असतं, पण तुमची पद्धत निराळी. एसीची पूजा करायची तर तुम्ही कॉम्प्रेसरलाच कुंकू लावायचात. "यंत्राचा जीव जंय आसता, थंयच फूल व्हावचा," असं म्हणत तुम्ही बाजूचा पत्रा काढलात आणि प्रोसेसरवरच्या पंख्यावर झेंडूचं फूल ठेवलंत, आंब्याच्या पानासकट, दोऱ्याने बांधलेलं. हात जोडलेत. आम्हालाही जोडायला लावलेत. मग पत्रा बंद केलात आणि फूल आतच राहिलं. पूजेतलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नसतं, म्हणून तो रात्रभर तसाच पडून. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने तो उभा करून सुरू केला. पाच मिनिटांत जळका वास. तेव्हाच्या प्रोसेसरला तापल्यावर आपणहून बंद पडायची अक्कल नव्हती. पंखा थांबला की खेळ खलास.

तुम्ही पत्रा उघडलात तेव्हा मी तुमच्या खांद्याशी उभी आहे. दादा आईला बोलवायला आत गेलाय. पंख्याच्या दांड्याला दोरा गच्च गुंडाळलाय आणि पात्यांत झेंडूचा लगदा. तुम्ही तो बोटांनी ओढून काढता. तुम्ही माझ्याकडे बघता. मी तुमच्याकडे बघते. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं थंड करणारा माणूस, पंखा अडकला की काय होतं हे तुम्हाला सांगायची गरज नव्हती. तुमची मूठ मिटते आणि पायजम्याच्या खिशात जाते. आई हात पुसत बाहेर येते तेव्हा तुम्ही म्हणता, "हिना उघडलेलो ना परवा? तुका सांगलेलंय मा, हात लावू नको म्हणून?" असं तुम्ही कधीच सांगितलं नव्हतं.

फुलाचं मी बोलले. रडत रडत, दोनदा. तुम्ही आईसमोर, दादासमोर म्हणालात, "वर खोटा पण बोलता." दहावीचा निकाल लागला, फॉर्म आणला, तेव्हा काका बसले होते. तुम्ही हसत म्हणालात, कॉम्प्युटर जाळणारी पोरगी कॉम्प्युटर काय शिकणार? मला कॉमर्सला घातलंत. डिप्लोमाला दादा गेला, दुसऱ्या वर्षी सोडून आला, आता गाड्या विकतो आणि मजेत आहे. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण काका अजून प्रत्येक लग्नात म्हणतात, "हिच्या हातात मिक्सर देव नकात हां, जाळून टाकतली," आणि सगळे हसतात. मीही हसते. चोवीस वर्षं हसते आहे. जे येतं ते मी चोरून, दुसऱ्यांच्या मशीनवर शिकले, आणि जे दोन वर्षांत आलं असतं त्याला दहा लागली. ही दहा वर्षं तुम्ही खिशात घातलीत, बाबा.

म्हणून हे पत्र. परवा तुमची तिथी आहे. काका येतील, दादा-वहिनी मुलुंडहून येतील, तुमच्या नावाने नैवेद्याची वाडी दाखवून सगळे जेवायला बसतील. वडे वाढून झाले की मी हे पत्र उभी राहून वाचणार, आणि मग सगळ्यांना माझं मशीन सुरू करून दाखवणार, असं मी ठरवलं होतं. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मला बोलायचंय.

गेल्या रविवारी दुपारी जोडणी संपली. प्रोसेसर खाचेत बसवला, वर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका दिला, त्यावर दोन पंख्यांचा मोठा कूलर आवळला. सुरू केला. पडद्यावर तापमानाचा आकडा दिसतो, तो चढायला लागला. साठ, ऐंशी, पंच्याण्णव, आणि मशीन बंद. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. पंखे तर दोन्ही छान फिरत होते. आई मागे पाटावर बसून वाल सोलत होती. मी मान वळवली आणि ओरडले, "आई, तू हात लावलास ना याला? सांगितलं होतं ना, लावू नकोस म्हणून?"

सांगितलं नव्हतं मी.

आई उठली. तिला आता पटकन उठता येत नाही, गुडघे दुखतात. म्हणाली, "काल पुसलंय गो टेबल ओल्या फडक्यान. माझाच कायतरी चुकला असतला." आणि आत गेली, सोललेले वाल तिथेच ठेवून. मी कूलर काढला. त्याच्या तांब्याच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं होतं, लावण्याआधी काढा असं त्यावर लाल अक्षरांत छापलेलं. पेस्ट सगळी त्या प्लास्टिकला. उष्णता वर जाणार कशी? शिकाऊ माणसाची चूक. मी ते सोलून काढलं, पुसलं, नवी पेस्ट लावली. आकडा चाळिशीत येऊन थांबला. मशीन इतकं गार आणि इतकं गप्प चालतं, तुम्हाला हेवा वाटला असता.

"झाला?" आईने आतून विचारलं. "झालं," मी म्हटलं. "काय झाल्लेला?" मी म्हटलं, "काही नाही, ओल होती, सुकली आता." प्लास्टिक मी कचऱ्याच्या डब्यात नारळाच्या शेंडीखाली दाबलं. मला माझी लाज वाटली आणि लगेच तुमचा दुप्पट राग आला, कारण हे इतकं सोपं असतं हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं तुम्हाला त्या सकाळी निदान काही क्षण तरी जड गेलं असेल. अजिबात जात नाही.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तसं समजू नका. फोटो मोरीपाशीच राहील. पण परवा वाचायला उभी राहिले तर समोरच्या पानावर आई बसलेली असेल. रविवारपासून ती त्या टेबलाजवळून जाताना पदर अंगाशी घट्ट धरून भिंतीकडून जाते आणि काल कामवालीला सांगत होती, तेका हात लाव नको, माझ्या हातान बिघाडलेलो.

मी आत ऐकत होते. बाहेर आले नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.