निळ्या धाग्याचा रफू

पुंडलिकनगर, मंगळवार, सायंकाळ

आज औरंगपुऱ्यातील सत्कारात माझे जुने स्नेही वसंतराव यांनी मला हिमरू शाल पांघरवली. घरी येऊन उलगडली, तर कोपऱ्यात निळ्या धाग्याचा रफू. तो माझ्या दिवंगत पत्नीच्या, सुमनच्या हातचा. वसंतरावांच्या आजारपणात तिने आपलीच शाल त्यांना दिली होती. काळा धागा संपला, म्हणून निळा.

ओळखून दिली असेल, तर क्रौर्य. न ओळखता दिली असेल, तर...? ते अधिक वाईट.

फोन केला. ते हसले. “अहो वकीलसाहेब, सत्काराच्या शाली फिरतच असतात! कपाटात नुसता ढीग पडलाय.”

सुमनचे नाव मी घेतले नाही. का?

निळा धागा अजून घट्ट आहे. ती म्हणाली असती, “बरं झालं, घरी आली.” मला तसे म्हणता येत नाही.