बाईसाहेबांच्या सतरा खोडी

मंगळवार, ४ मार्च
पहाटे ५ वाजून १० मिनिटे. बाईसाहेबांचा मागचा उजवा पाय मांडीवर घेऊन खुरातले खडे काढत होतो. मालक तबेल्याच्या दारात येऊन उभे राहिले. लॉन्ड्रीचे मालक सातच्या आत कधी दिसत नाहीत!

"कारकून, व्हॅन घेतोय. पहिल्या तारखेपासून."

गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या मी नीट अक्षरात लिहितो म्हणून ते मला कारकून म्हणतात. मी म्हणालो, "बरं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणालो, "बरं." घोडीचा पाय अजून हातातच होता.

व्हॅन मीच चालवायची. शिकण्याचा खर्च त्यांचा. पगार दीडपट. आणि व्हॅन उभी राहणार इथेच, तबेल्याच्या जागी.

"मग ही?"

"ही तुझी आहे बाबा. तूच ठरव."

खरे आहे. गाडा लॉन्ड्रीचा, घोडी माझी. चार वर्षांपूर्वी स्वतःच्या कमाईतून घेतली. माझी पहिली घोडी. इस्त्रीवाल्या बायकांनी तिला बाईसाहेब नाव ठेवले, कारण ती चालते अशी, की चादरी तिच्या आहेत आणि मी तिचा नोकर!

बुधवार, ५ मार्च
बाहेर जागा घेतली तर भाडे, गवत, भरडा आणि नाल मिळून पगाराची सगळी वाढ घोडीच्या पोटात जाते. दोनदा मांडून पाहिले. आणि तिला काम उरत नाही. व्हॅन आल्यावर बाईसाहेबांनी दिवसभर करायचे काय?

ताई खिडकीशी बसून शर्टांची काजे करत होती. तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "विकायची तर वीक, ठेवायची तर ठेव. पण ताट पुढे घेऊन असा सुतकी चेहरा करू नकोस. मला वाटतं, भाजीच बिघडली."

गुरुवार, ६ मार्च
ठरवले. विकायची.

शुक्रवार, ७ मार्च
नाही विकायची.

शनिवार, ८ मार्च
विकायची. पण फसवून नाही. घेणाऱ्याला सगळे आधी कळले पाहिजे, म्हणजे नंतर मला झोप लागेल. म्हणून दुपारी कागद केला. दोन्ही बाजूंनी लिहिला. एका बाजूला खोडी, सतरा भरल्या. दुसऱ्या बाजूला गुण, ते नऊ.

खोडींपैकी काही: उघडी छत्री दिसली की तिरकी चालते. ट्रकने भोंगा वाजवला की जागच्या जागी थांबते आणि मग कुणाच्या बापाचे ऐकत नाही (हे खोडून "मुळीच ऐकत नाही" असे केले). गटाराच्या जाळीवर पाय ठेवत नाही. मी सोडून दुसऱ्याने लगाम चढवला तर दात आवळून धरते. अकरावी खोड जरा गंभीर. दुपारी उभ्या उभ्या तिचे पुढचे गुडघे एकदम मोडतात, आणि पडता पडता ती सावरते. खुरांच्या वरच्या सांध्यांवर त्याचे वण आहेत. नालबंद म्हणतो, "वयाचं आहे पोरा. तेल चोळ." तेल तोच विकतो. दीड वर्ष चोळतो आहे.

गुणांमधला सहावा मला सर्वांत आवडतो: कधीही आडवी पडत नाही. चार वर्षांत अंगाला एकदाही शेण लागलेले नाही.

ताईने कागद वाचला. "घोडी विकतोयस, की तिच्यावर फिर्याद करतोयस?"

सातवीनंतर माझी शाळा सुटली. एवढा मोठा मजकूर त्यानंतर पहिल्यांदाच लिहिला. एकही चूक नाही. शब्दकोशात पाहून घेतले.

रविवार, ९ मार्च
पहिले गिऱ्हाईक. तळ्याकाठी मुलांना घोड्यावरून फिरवतो तो. चौथ्या खोडीपर्यंत वाचले आणि कागद माझ्या हातात परत दिला. "भाऊ, तुम्हाला घोडी विकायची आहे ना नक्की?"

तो गेला. बाईसाहेबांना दोन गाजरे जास्त दिली. का ते माहीत नाही.

मंगळवार, ११ मार्च
दुसरे गिऱ्हाईक, विटांचा गाडा चालवणारा. म्हणाला, "मला वाचता येत नाही, तुम्हीच वाचा." मी सगळे वाचले, स्वल्पविरामांना थांबून. नवव्या खोडीला तो पोट धरून हसायला लागला. "अहो, ही घोडी आहे की माझी सासू!" मग अर्धी किंमत सांगितली. मी नाही म्हणालो. त्याच्या बैलाच्या मानेवर जखम होती, ती मी आधीच पाहिली होती.

ताई म्हणाली, "तुझं मला कळलंय. हा कागद तू गिऱ्हाइकं पळवायला लिहिलायस."

तसे नाही. रात्री त्यावर विचार केला. तसे नाही!

शुक्रवार, १४ मार्च
आज फळबागेच्या बाई आल्या. शहराबाहेर त्यांची संत्र्यांची बाग आहे. झाडांच्या ओळींमधून मोटार जात नाही, म्हणून पेट्या ओढायला शांत जनावर हवे आहे. वय साठीच्या आसपास, पायात गमबूट, हातांवर ओरखडेच ओरखडे. मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावला, तबेल्याच्या पायरीवर बसल्या आणि सगळा वाचला. मग माझ्याच खिशातली पेन्सिल मागितली.

"बागेत छत्री कोण उघडणार? मी तर उघडत नाही." पहिली खोड कापली. "ट्रक डांबरी रस्त्यावर थांबतो, आत येत नाही." कापली. "गटाराची जाळी? आमच्याकडे गटारच नाही, जाळी कुठली!"

अशा कापत गेल्या. मी शेजारी उभा राहून बघत होतो. सतरातल्या तीन उरल्या. घोडीच्या म्हणून ज्या मी लिहिल्या, त्यांतल्या बहुतेक रस्त्याच्या निघाल्या.

मग कागद उलटला. सहाव्या गुणापाशी पेन्सिल थांबली.

"कधीच आडवी पडत नाही?"

"कधीच नाही," मी अभिमानाने म्हणालो.

"तुमचा तबेला रुंदीला किती आहे, दादा?"

मी गठ्ठे मोजतो, चादरी मोजतो, तिची पावलेसुद्धा एकदा मोजली आहेत. तबेला कधी मोजला नव्हता.

त्या उठल्या, आत गेल्या, बाईसाहेबांच्या पुढच्या पायांवरच्या वणांवरून अंगठा फिरवला. बाईसाहेबांनी चक्क फिरवू दिला. बाई म्हणाल्या, "घोडं उभ्यानं डुलक्या घेतं. पण गाढ झोपेला त्याला आडवंच व्हावं लागतं. हिचे गुडघे म्हातारे नाहीत हो. ही पेंगतेय. चार वर्षं."



किंमत चार हजार ठरली. मी सांगितली तेवढीच, त्यांनी घासाघीस केली नाही. विसार म्हणून दोनशे देऊन गेल्या. घोडी ३१ तारखेला सकाळी द्यायची. त्याआधी त्या फिरल्या तर विसार बुडाला. मी फिरलो तर दुप्पट परत, म्हणजे चारशे. त्यांनी पावती मागितली नाही. मीच लिहून दिली.

शनिवार, १५ मार्च
मोजला. सव्वाचार फूट. एका बाजूला बॉयलरची भिंत, दुसऱ्या बाजूला रस्ता. वाढवायला बोटभर जागा नाही. दावे दीड हात.

शेण लागू नये म्हणून दावे आखूड मीच केले होते. पहिल्याच आठवड्यात.

रविवार, १६ मार्च
काल काम संपल्यावर घोडी बागेत घेऊन गेलो. तिला जागा मानवते का, हे बघायचे ठरले होते. चालत अडीच तास. मी पेट्यांच्या खोलीत झोपलो.

बागेतली पडवी तीन बाजूंनी उघडी, खाली वाळलेले गवत. तिथे बाईंची एक म्हातारी गाढवीण असते. सकाळी जाऊन बघतो तो गाढवीण पाय पसरून खुशाल आडवी पडलेली, आणि बाईसाहेब तिच्याकडे टक लावून बघत उभ्या. असे कुणी भरदिवसा चारचौघांत करते का, असा चेहरा!

११ वाजून ४ मिनिटांनी बाईसाहेबांनी गवत हुंगले. एक फेरी मारली. पुन्हा हुंगले. मग पुढचे गुडघे मोडले आणि मी धावलो. वाटले, पडली! बाईंनी माझी बाही धरली. "थांबा हो, थांबा."

ती बसली. मग कुशीवर झाली. मग मान लांब करून सगळीच्या सगळी जमिनीवर. एवढी लांब आहे हे मला माहीतच नव्हते. थोड्या वेळाने पाय हलायला लागले, झोपेत कुठेतरी चालली होती. आणि घोरत होती! चार वर्षे मी तिच्या जवळ आहे. ती घोरते हे मला आज कळले.

४५ मिनिटे. तेवढा वेळ मीही हललो नाही. डाव्या पायाला मुंग्या आल्या.

उठल्यावर तिची एक बाजू पूर्ण मळलेली होती, गवताच्या काड्या, शेण, सगळे. मी ब्रश घेतला आणि परत ठेवला. फार बरे वाटले. हे वाक्य ताईने वाचले तर ती म्हणेल, याचं डोकं फिरलं.

बुधवार, १९ मार्च
व्हॅनचा पहिला धडा. शिकवणारा म्हणाला, "अहो, ब्रेक दाबा, हो-हो काय म्हणताय तिला!"

रविवार, २३ मार्च
आजही बागेत नेली. ५० मिनिटे. नंतर पेट्यांचा रिकामा गाडा जोडून पाहिला. ओळीच्या शेवटी आपणहून वळली. बाईंनी लगाम चढवला तेव्हा दात आवळले, पण थोडेच. बाई म्हणाल्या, "आवळू दे. माझे तर आवळायला राहिलेही नाहीत."

गुरुवार, २७ मार्च
मालक दुपारी इस्त्रीच्या खोलीत आले आणि सर्वांसमोर म्हणाले, "व्हॅन रद्द. ऐन वेळी भाव वाढवला त्या विकणाऱ्या लेकाने. आता पुढच्या वर्षी बघू." मग माझ्याकडे वळून, "कारकून, तुझ्या मनासारखं झालं बघ! घोडी ठेव, गाडा चालू ठेव. विसाराचा भुर्दंड पडेल तो मी देतो."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने ओल्या हातांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बाईसाहेब राहिल्या! आता पेढ्यांचं बघा." मला इतका आनंद झाला, की हॉस्पिटलचा गठ्ठा हॉटेलच्या ढिगात टाकला. असे माझ्या हातून कधी झालेले नाही.

ताई म्हणाली, "सुटलास एकदाचा."

शुक्रवार, २८ मार्च
ठेवायची. दावे तीन हात लांब केले. भिंती तेवढ्याच आहेत.

शनिवार, २९ मार्च
दुपारी २ वाजता हॉस्पिटलच्या मागच्या दारी, गठ्ठे उतरवताना, तिचे गुडघे मोडले. मी खांदा लावला. तिने सगळा भार क्षणभर माझ्यावर टाकला, मग सावरली आणि मान वळवून माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. नेहमीसारखेच. तिला वाटत असेल, असेच असते.

घरी ताट पुढे घेऊन बसलो. ताईने विचारले, "आता काय झालं?" म्हणालो, "खांदा भरलाय." तिने गरम पाण्याची पिशवी दिली. कसला खांदा, ते तिने विचारले नाही.

सोमवार, ३१ मार्च
सकाळी ७ वाजता घोडी बाईंच्या स्वाधीन केली. मी निघालो तेव्हा ती उभी नव्हती. मालक म्हणाले, "कारकून, तू ठार वेडा आहेस." थोड्या वेळाने म्हणाले, "चाकांना वंगण लॉन्ड्रीतून घे."

जमा: विसार २००. आज ३,७००.
खर्च: जुनी हातगाडी, दोन चाकी, ३४०. कॅनव्हासचे बूट, माझ्यासाठी, ४५. (फेऱ्या आता तीनऐवजी पाच होतील.)
देणे: नालबंदाचे १२.
येणे: बाईंकडून १००. त्या देत होत्या, मी घेतले नाहीत. का, म्हणाल्या. म्हटले, राहू द्या, दर रविवारी मागायला येत जाईन.