चार हजार दोनशे किलोमीटर आणि दाजींचं तोंड

ताई,

तुला साष्टांग नमस्कार, पोटातल्या बारक्याला पापा आणि दाजींना काही नाही. तुझ्या पायांची सूज उतरली का? इकडे सगळे ठणठणीत आहेत, फक्त कोणी कोणाशी बोलत नाही.

आधी कबूल करतो. आईच्या तिकिटावर ‘प्रवास साडेपाच तास’ अशी ओळ होती. ती मी पांढरी शाई लावून उडवली आणि झेरॉक्स काढून बाबांच्या हातात दिली. केलं, चुकलं. पण कोणामुळे? डॉक्टर आईला एवढंच म्हणाले, गुडघे असे आहेत तर तीन तासांवर एका जागी बसू नका. झालं, बाबांनी कायदाच केला, तीन तासांवरचा प्रवास बंद. विमानात उठून फिरता येतं म्हटलं, तर म्हणे चालत्या गाडीत उभं राहायचं नाही. (एकतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होते. रिटायर झाले, पण डेपो काही अंगातून उतरत नाही. मला संडासात उशीर झाला तरी कारण विचारतात.) तुला आठवा संपत आला, आई तिथे नको? म्हणून डोकं चालवलं. तुमची घड्याळं आमच्या अडीच तास मागे. इथून सुटणार नऊ दहाला, तिथे पोचणार बारा दहाला. करा वजाबाकी, बरोब्बर तीन तास! बाबा खूश, आईची निम्मी बॅग भरून तयार.

आणि तुझ्या नवऱ्याला फोनवर नेमकं काय सुचावं? मधलं अंतर! अरे, विचारलं होतं का कोणी? चार हजार दोनशे किलोमीटर! वर, ‘सरळ रेषेत हं, बाबा!’ शहाणा लेकाचा! (हे वाचून दाखवू नकोस.) बाबांनी लगेच कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार मांडला. ताशी चौदाशे! असा आरडाओरडा केला, की शेजारचे गॅस बंद करून धावत आले. तिकिटावर शंका नाही, कारण छापील कागद. चूक पायलटची! ‘काटा ऐंशीच्या वर गेला म्हणून मी ड्रायव्हर घरी बसवलेत, हा कोण टिकोजी लागून गेला?’ आईचं जाणं रद्द. आता खरं सांगावं तर साडेपाच तास म्हणून रद्द, न सांगावं तर चौदाशे म्हणून रद्द. असा संतापलोय, की कोणाची खोडी काढायचीसुद्धा इच्छा उरली नाही.

तेव्हा दाजींना सांग, ज्या तोंडाने चार हजार दोनशे म्हणालात त्याच तोंडाने म्हणा, की ते रस्त्याने, विमानाने चोवीसशेच. ताशी आठशेला बाबा तयार आहेत (आडून विचारलंय).

तुझा भाऊ

ता. क. थांब, दाजींना काही सांगू नकोस. बाबांनी तोडगा काढलाय. ते स्वतःच येतायत, आईच्या शेजारची सीट घेऊन, पायलटला ‘सावकाश ने, अर्धा तास लेट झालास तर मी मांडत नाही’ असं सांगायला. मनगटी घड्याळ आणि लेटची वही बॅगेत गेली. साडेतीन तास उलटले की काय होईल? तेव्हा खाली बहुतेक समुद्र असेल.

ता. क. दुसरा. आई आत्ताच कान पिळून गेली. साडेपाच तास तिला पहिल्या दिवसापासून माहीत होते. ‘महिनाभर घड्याळाशिवाय राहणार होते रे मेल्या, तू घड्याळच शेजारच्या सीटवर आणून बसवलंस!’

ताई, पाया पडतो, पांढऱ्या शाईचं कोणाला बोलू नकोस. दाजींना तर मुळीच नको. किती थेंब लागली ते लगेच बाबांना सांगतील.