एका काट्याचं घड्याळ आणि आमचा अबोला

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनात). भाऊजींचा रक्तदाब आणि तुझी जीभ, दोन्ही डॉक्टरांच्या सांगण्यात असतील अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल, फक्त तुझी भावजय माझ्याशी बोलत नाही. सुरुवातीला ती शांतता मला आवडलीही, पण आता भांडी आपटल्याचा आवाजही येईना, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे कळलं.

माझा नाद तुला माहीत आहे. उलटं फिरणारं घड्याळ, अंधारात बोटांनी चाचपून वेळ बघायचं, अंगठीत बसवलेलं, आणि एक परक्या भाषेत वेळ ओरडून सांगणारं (वेळ सांगतं की शिव्या देतं, खात्री नाही). यात आहे काय, असं तू नेहमी विचारतेस. अगं, बरोबर वेळ काय, फोनही सांगतो. घड्याळाला स्वभाव हवा. भाऊजींना तू काय अचूकपणासाठी पसंत केलंस?

आता माझं नशीब असं, की लग्न झालं ते बस डेपोत गाड्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या बाईशी. तिने हात दाखवल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही. परवा तिचा निवृत्तीचा समारंभ होता आणि घरच्यांच्या वतीने चार शब्द मी बोलायचे होते. मोठा प्रसंग म्हणून मी संग्रहातलं सगळ्यात उमदं, एका काट्याचं घड्याळ बांधलं. त्याला मिनिटकाटाच नाही. पाच वाजून गेलेत, एवढंच ते मोघम सांगतं. वर किती मिनिटं झाली हे विचारणं त्याला असभ्य वाटतं. मी पोचलो तेव्हा मंडपवाला खुर्च्या मिटवत होता. शेवटच्या खुर्चीवर ती पुष्पगुच्छ धरून बसलेली, म्हणून तेवढी एक मिटेना. मी भाषण केलं. मंडपवाल्याने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "झकास बोललात साहेब, आता वहिनींना तेवढं उठवा."

हेही तिने गिळलं असतं. पण डेपोने तिला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं होतं. मी ते हातात घेऊन खालीवर करून पाहिलं आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणालो, "यात विशेष काही नाही गं, बरोबर चालतंय." तेव्हापासून अबोला.

तर ताई, तू ये. तुझ्यासमोर ती बोलेल, निदान माझ्याविरुद्ध तरी बोलेल. मी तेवढ्यावर भागवीन.

तुझा,
धाकटा

ता.क. येताना भाऊजींचं ते आकडे विस्कटलेलं, बाराच्या जागी पाच असलेलं घड्याळ सहज पर्समध्ये टाक. ते झोपलेले असताना. (खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण मध्येच मनापासून वाईट वाटायला लागलं.)

आणखी एक ता.क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात तिने पत्र माझ्या हातातून काढून घेतलं, उभ्याउभ्या वाचलं, आणि बोलली! म्हणाली, "ताईंना लिहा, ते घड्याळ नक्की आणा, पण माझ्यासाठी. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या. आता मला कुठे वेळेवर पोचायचंय?" घड्याळ माझ्या हातचं गेलं, ताई. तरी लवकर आण.